लिहायचंय पण घरात पोरं आहेत: ठाणे-नवी मुंबईतल्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

ठाण्यात आमचा एक छोटा लिहिता गट आहे. एखाद्या रविवारी सकाळी भेटतो, घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतचे आईबाबा येतात, कोणी डायरीवाले, कोणी कथावाले, आणि मधल्या दिवसांत तेच तेच प्रश्न मेसेजवर येत राहतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त नावं काढलीत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि सुटा.

१. डायरी लिहायची खूप इच्छा आहे पण दिवसभरात वेळच मिळत नाही. तुम्ही लोक नक्की लिहिता कधी?

तुकड्यातुकड्यात. मुलं लहान असताना शांत असा अख्खा तास मिळत नाही आणि त्याची वाट बघत बसलं की वर्ष कधी सरतं कळत नाही. पण दहा-बारा मिनिटांचे तुकडे बहुतेकांकडे असतात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, स्कूल बस गेटवर येईपर्यंत, कराटे क्लासच्या बाहेर स्कूटरवर बसल्या बसल्या, माजिवड्याला रिक्षा अडकते तेव्हा (तिथे दहा मिनिटांत सुटलात तर नशीब). आता होतं काय, तुकडा हातात येतो, वही उघडतो, मागच्या वेळी कुठवर आलो होतो ते आठवण्यात निम्मा वेळ जातो, जरा कुठे हात चालायला लागतो आणि तिसरी शिट्टी होते. मग आपण म्हणतो वेळच नाही.

म्हणून उठताना पुढची ओळ काय असणार ते टिपून ठेवायचं. "पुढे: आजी दार उघडते, बॅग बघते, काही बोलत नाही." बास, एवढंच. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं होतं की काम अर्धवट टाकून दुसऱ्याला लागलं की थोडं लक्ष मागच्या कामातच अडकून राहतं, आणि २०१८ मध्ये थेरेसा ग्लॉम्ब यांच्याबरोबर त्यांनीच पुढे दाखवलं की उठण्याआधी कुठे थांबलो आणि परत आल्यावर काय करायचं हे झटकन लिहून ठेवलं तर ते अडकणं कमी होतं. अभ्यास कामाच्या ठिकाणच्या व्यत्ययांचा होता, पण "आईऽऽ शी झाली" हाही व्यत्ययच आहे. टिपून उठलात तर मन मुलाकडे जातं, नाहीतर हात मुलाकडे, मन वहीत आणि चिडचिड पोरावर.

२. डायरी, कथा, कविता, सगळ्याला वेगवेगळ्या वह्या करू का?

नको. दोनशे पानी एक साधी वही, पुढून डायरी आणि उलटी करून मागून गोष्टी-कविता. तीन वह्या केल्या की हवी असलेली नेहमी दुसऱ्या खोलीत, जिथे बाळ झोपलंय तिथे असते. आणि महागडी चामड्याच्या कव्हरची डायरी तर नकोच, तिच्यात वाकडंतिकडं लिहायला हात धजत नाही.

३. रोज लिहायलाच लागतं का? माझी सवय चार दिवसांत तुटते आणि मग सोडूनच देते.

लागत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर सवयींचा अभ्यास केला होता, तो २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण माणसागणिक फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे, एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते विसरा.

माझं मत विचाराल तर मुलं दहाच्या आत असतील तर आठवड्यातून तीनदा एवढं पुष्कळ झालं. सलग दिवस मोजणारी ॲप्स मात्र काढून टाका. पोराला ताप आहे आणि फोन सांगतोय की तुमची साखळी तुटली, कशाला हवंय ते!

४. सगळे सांगतात पहाटे पाचला उठून लिहा. मला जमत नाही, माझ्यात शिस्त नाही का?

शिस्तीचा काही संबंध नाही. असं सांगणाऱ्यांची मुलं एकतर मोठी झालेली असतात नाहीतर दुसरं कोणीतरी सांभाळत असतं. रात्री दोनदा उठलेल्या बाईने पाचला उठू नये, झोपावं. शिवाय काही मुलांना आई उठल्याचा वास येतो की काय कळत नाही, तुम्ही पाचला उठलात की ती पाच दहाला हजर.

ज्यांच्या मुलांची शाळा उशिरा आहे त्यांना सकाळ जरा सैल असते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने २०२४ मध्ये सांगितलं, सगळ्या शाळांत तसं झालंय असं नाही, पण तुमच्या शाळेत झालं असेल तर सात ते साडेसातमधली पंधरा मिनिटं बघा, डबा भरून झाल्यावर आणि पोरांना उठवायच्या आधी.

५. बाळ सात महिन्यांचं आहे. हातच मोकळे नसतात, लिहू कशी?

बोला. फोनच्या मराठी कीबोर्डवर माईकचं बटण आहे, ते दाबून बोललं की मराठीत टाईप होतं. विरामचिन्हं येत नाहीत, मधे भलतेच शब्द घुसतात, बाळाच्या रडण्याचंही कधीकधी काहीतरी बनतं, ते नंतर नीट करा किंवा करूच नका. नाहीतर सरळ आवाज रेकॉर्ड करा.

हे "खरं लिहिणं" नाही असं वाटत असेल तर बहिणाबाई चौधरींची आठवण ठेवा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरातली-शेतातली कामं करता करता ओव्या रचल्या, त्यातल्या बऱ्याच मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या मंडळींनी उतरवून ठेवल्या म्हणून आज आपल्याकडे आहेत. १९५१ ला त्या गेल्या आणि संग्रह आला १९५२ ला.

या दिवसांत मोठं काही हातात घेऊ नका. दिवसाला एक वाक्य पुष्कळ. आणि लिहायला सोडा, कशातच मन लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर प्रश्न १५ आधी वाचा.

६. ठाणे ते बेलापूर ट्रान्स-हार्बरने ये-जा आहे. ट्रेनमध्ये लिहिता येतं का?

जाताना थोडं, येताना जवळपास नाही. सकाळी ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर जी झुंबड असते ती मुख्यतः ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणेच्या ऑफिसवाल्यांची. तिथवर गाडी बरीच मोकळी होते, तुर्भ्यानंतर बसायला मिळतं आणि तुम्ही पुढे बेलापूरला जाणार म्हणजे पंधराएक मिनिटं तुमची. ती फोनवर रील बघण्यात घालवायची का, ते तुम्ही ठरवा. वाशी किंवा सानपाड्याला उतरणाऱ्यांना मात्र यातलं फारसं काही मिळत नाही.

उभ्याने प्रवास असेल तर लिहायचा अट्टहास नको, कान उघडे ठेवा. लेडीज डब्यात जे संवाद ऐकायला मिळतात ते घरी बसून सुचत नाहीत. एकीचं वाक्य ऐकलं होतं, "अगं त्याला माझी किंमत नाही असं नाही, त्याला किंमत माहितीये, म्हणून तर गप्प बसतो." यावर अख्खी कथा उभी राहील. उतरल्यावर बाकड्यावर दोन मिनिटं टेकून तेवढं वाक्य उतरवायचं आणि निघायचं. नवी मुंबईची स्टेशनं ऐसपैस आहेत, टेकायला जागा मिळते.

दारात उभं राहून फोनवर टाईप करू नका. रुळाशेजारून हातावर फटका मारून मोबाईल पाडणारे लोक आहेत, आणि फोनपेक्षा तोल जाण्याची भीती जास्त.

७. वही बरी की मोबाईल?

जे हाताशी असेल ते. वहीत नोटिफिकेशन येत नाही हा तिचा मोठा गुण. मोबाईलवर लिहायला बसून सोसायटीच्या ग्रुपवरचं पार्किंगचं भांडण वाचत बसणं हे सगळ्यांचं होतं. पण फोन एका हाताने चालतो, अंधारात चालतो, बाळ खांद्यावर असताना चालतो. मराठी टायपिंग जमत नाही म्हणून अडलात तर गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये इंग्रजी अक्षरांत टाईप केलं की मराठी उमटतं असा पर्याय आहे.

आमच्यातले बरेचजण व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाकतात आणि आठवड्यातून एकदा ते वहीत उतरवतात. उतरवताना निम्मं गाळलं जातं, तेही चांगलंच. वहीवाल्यांनी पानांचे फोटो काढून ठेवावेत, आणि पावसाळ्यात जेल पेन वापरू नये. बॅगेत पाणी गेलं की जूनपासूनचं सगळं निळं होतं. साधं बॉलपेन आणि वहीला दुधाची धुतलेली पिशवी.

८. मी लिहायला बसले की मुलांना तेव्हाच भूक, तेव्हाच भांडणं. काय करू?

वयावर आहे. चार वर्षांच्या आतल्या मुलाला "आईला दहा मिनिटं दे" कळत नाही, तिथे अपेक्षाच ठेवू नका, तो झोपेल तेव्हाच. पाच ते आठवाल्यांना घड्याळाचा काटा दाखवायचा, मोठा काटा सहावर येईपर्यंत आई लिहितेय, आणि सहावर आला की खरोखर वही मिटायची. आपण पाच मिनिटं जास्त चोरली की पुढच्या वेळी त्यांचा विश्वास बसत नाही, हे अगदी लगेच होतं. आठच्या पुढच्या मुलांना वाचायला द्या. बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट बघायला मिळतात, एकदा त्यातल्या चित्रांत शिरले की वीस मिनिटं कुठे गेली नाहीत.

मुलालाही वही देऊन शेजारी बसवायचं हा सल्ला सगळीकडे असतो. काहींना छान जमतो. माझ्या घरी "आई कमळ कसं काढू, आई बघ ना, आई हे कमळ आहे का" यातच वेळ गेला, तुम्ही करून बघा.

९. सासूबाई म्हणतात "एवढं काय लिहितेस, हिशोब आहे का?" घरच्यांना कसं सांगू?

चोरून लिहू नका, एवढं आधी. बाथरूममध्ये, पांघरुणात, पोळ्या करताना ओट्याखाली वही लपवून, असं लिहिलं की आपल्यालाच ते काहीतरी वाईट काम वाटायला लागतं आणि कोणी आलं की आपण दचकतो. सरळ सांगा, आणि "मला जरा वेळ हवाय" असं मोघम नको, वार आणि वेळ सांगा. "आई, मंगळवारी आणि शुक्रवारी जेवणं झाली की मी वीस मिनिटं आतल्या खोलीत लिहीत बसणार आहे, भांडी नंतर घासते, चिनूने हाक मारली तर तेवढं बघाल का?" वीस मिनिटं ऐकल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही, मोघम बोललं की मात्र समोरच्याला वाटतं ही आता घरातून लक्ष काढून घेणार.

दुसरं म्हणजे त्यांनाच विचारा. लग्न होऊन आल्या तेव्हाचं ठाणं कसं होतं, नळाला पाणी कधी यायचं, कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा का. वागळे इस्टेटच्या कंपन्यांत घरातलं कोणी ना कोणी होतं अशी घरं इथे खूप आहेत आणि ते कोणी लिहून ठेवत नाहीये. एका मैत्रिणीच्या सासूबाई आता स्वतःच विचारतात, "आज वही नाही का आणलीस?" सगळीकडे असं होईल असं नाही म्हणत मी. काही घरं नाहीच ऐकत, तिथे प्रश्न २१ मधली युक्ती बघा.

१०. मी बाबा आहे. कविता लिहितो म्हटलं की मित्र हसतात आणि बायको म्हणते आधी घरात हात लाव.

मित्रांचं सोडा. बायको बरोबर बोलतेय. केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा वेळ सरासरी २८९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ८८. म्हणजे तुम्ही लिहायला जो अर्धा तास काढणार तो बऱ्याचदा तिच्या खात्यातून निघतो. आधी तिला आठवड्यातून एक संध्याकाळ पूर्ण मोकळी द्या, डबा, होमवर्क, झोपवणं सगळं तुमच्याकडे, "मोजे कुठे आहेत" असा फोनही करायचा नाही. मग तुमची संध्याकाळ मागा. कवितेला विषयही मिळेल.

११. वन बीएचकेमध्ये पाच माणसं. बाहेर शांत बसायला कुठे जागा आहे?

ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. तलावपाळी संध्याकाळी अजिबात नको, घोडागाड्या, पाणीपुरी, फुगेवाले, तिथे फक्त बघावं. उपवन सकाळी लवकर चांगलं. नवी मुंबईत नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यान, खारघरचं सेंट्रल पार्क, बाकडी भरपूर पण सूर्य कलला की डास लिहू देत नाहीत.

सगळ्यात जास्त वापरली जाणारी जागा मात्र सांगते, पार्किंगमध्ये उभी असलेली स्वतःची गाडी. काचा थोड्या खाली, फोन सायलेंट, आणि वॉचमनला आधीच सांगून ठेवलेलं, नाहीतर तो तीनदा येऊन विचारतो की साहेब तब्येत बरी आहे ना. सोसायटीची गच्चीही छान, पण तिची किल्ली सेक्रेटरीकडे असते आणि कारण सांगावं लागतं.

१२. वही उघडली की सुचतच नाही. "आज उठले, डबा केला" याच्यापुढे जात नाही.

मग डब्याचंच लिहा, फक्त नीट बघून लिहा. आमच्यातल्या एकीने लिहिलेलं, तिला विचारून देतेय:

"भेंडी परत आली. तीन फोडी खाल्ल्यात. बाकीच्या डब्यात ओळीने लावल्यात, लांब ते आखूड, अगदी पट्टीने मोजल्यासारख्या. म्हणजे मधल्या सुट्टीत वेळ होता. म्हणजे शेजारी कोणी बसलं नव्हतं."

मुलगा नव्या शाळेत गेला होता. "आज फार काळजी वाटली" असं लिहिलं असतं तर महिन्याने तिलाही आठवलं नसतं की कशाची. भावना लिहायच्या आधी वस्तू लिहा, दप्तराच्या तळाशी काय सापडलं, लिफ्टमध्ये कोण काय बोललं, मुलाने आज कुठला शब्द चुकीचा वापरला. मुलांच्या चुकीच्या शब्दांची तर वेगळी यादीच करा, ते बरोबर बोलायला लागले की आपण साफ विसरतो.

१३. डायरी जमते पण कथा पुढे सरकत नाही. दहा मिनिटांत कथा कशी लिहायची?

पूर्ण कथा नाही लिहिता येत, प्रसंग येतो. कथा आठ-दहा प्रसंगांत तोडा, प्रत्येक प्रसंगाचं एका ओळीत नाव लिहून यादी वहीच्या आतल्या कव्हरवर चिकटवा आणि ज्या दिवशी जो प्रसंग डोक्यात आहे तो लिहा. क्रम पाळायचा नाही. शेवट आधी सुचला तर शेवट आधी. उठताना पुढची ओळ टिपणं इथे डायरीपेक्षाही जास्त लागू आहे (प्रश्न १).

सुरुवातीपासून वाचत बसायचं नाही ही आणखी एक गोष्ट. पहिला परिच्छेद चाळीस वेळा सुधारलेला आणि दुसरा लिहिलेलाच नाही अशा कथा आमच्या गटात ढिगाने आहेत. मात्र जोडकाम तुकड्यात होत नाही हे खरं. सगळे प्रसंग झाले की ते एकत्र बांधायला सलग दोन-तीन तास लागतातच, तेव्हा एक रविवार मागून घ्या, मुलांना आजोळी धाडा. त्या आधी नको, नाहीतर मोकळा रविवार मिळतो आणि हातात बांधायला काही नसतं.

१४. माझी डायरी कोणी वाचली तर?

वाचू शकतात, हे धरूनच ठरवा. फोनवर लॉक असलेली नोट हा सोपा उपाय. वहीसाठी घरात नियम करा, मी तुमची दप्तरं विचारल्याशिवाय उघडत नाही, तुम्ही माझी वही नाही. मुलं हा नियम मोठ्या माणसांपेक्षा बरा पाळतात. फारच आतलं काही असेल तर लिहा आणि फाडून टाका, लिहिण्याचा फायदा फाडल्याने जात नाही.

एक अपवाद. घरात मारहाण, धमक्या असा प्रकार असेल तर वही घरात ठेवणं तुम्हाला धोक्याचं ठरू शकतं. तिथे आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, डायरीचं नंतर.

१५. लिहिल्यावर मन हलकं होतं म्हणतात. मला तर लिहिलं की जास्तच वाईट वाटतं.

सुरुवातीला तसं होतं. अमेरिकेतले जेम्स पेनीबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ चा प्रयोग यातला सगळ्यात गाजलेला. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातल्या जुन्या जखमांबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना वाईटच वाटत होतं, पण पुढच्या महिन्यांत जखमेबद्दल मनातलं आणि घडलेलं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्य केंद्राच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतर २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली तेव्हा फायदा दिसला खरा, पण छोटासाच. तेव्हा डायरी म्हणजे औषध असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

बिचारं पोर झोपल्यावर रात्री अकराला जुनं दुःख उकरून काढायचं आणि मग दोनपर्यंत जागं राहायचं, हे टाळा. अशा विषयाला दुपार बरी. आणि त्याच त्याच वाक्याभोवती आठवडेच्या आठवडे फिरत असाल, झोप-भूक गेली असेल, बाळंतपणानंतर मन उठत नसेल, स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील तर वही बाजूला ठेवून घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

१६. गणपती, दिवाळी, परीक्षा, मे महिना. वर्षातले निम्मे दिवस सगळं बंदच पडतं.

पडू द्या. सुट्टी आधीच जाहीर करा, वहीत लिहूनच टाका की "गणपती, परत सप्टेंबरअखेर" आणि खाली पुढची ओळ. बंद पडलेलं आणि सुट्टीवर असलेलं यात फरक आहे, सुट्टीवरून परत येता येतं. फक्त त्या दिवसांत आरतीच्या गर्दीत, गावच्या गाडीत जे दिसतं त्याचे चार शब्द फोनमध्ये टाकत राहा.

१७. मुलांबद्दल लिहिलेलं फेसबुकवर टाकावं का? लोकांना खूप आवडतं.

आवडतं म्हणूनच जरा थांबा. शाळेचं नाव, इयत्ता, सोसायटी, बसस्टॉप, युनिफॉर्ममधला फोटो, यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की मूल कुठे असतं हे कोणालाही कळतं. ते काढा. मग दुसरी चाळणी, हे मूल पंधरा वर्षांचं झाल्यावर वर्गात कोणी वाचून दाखवलं तर चालेल का? अंथरूण ओलं करणं, नापास होणं, आजारपण, डॉक्टरांनी दिलेली निदानं, हे वहीतच राहू दे. सात-आठच्या पुढच्या मुलाला वाचून दाखवून विचारायचं, आणि तो नाही म्हणाला तर नाही. "अरे पण किती गोड आहे" असं म्हणून पटवायचं नाही.

१८. दिवाळी अंकाला कथा पाठवायचीय. कधी आणि कशी?

दिवाळीत जाग येऊन उपयोग नाही. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या "मनोरंजन"ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून आजवर ही सगळी घाई दिवाळीच्या कितीतरी आधीची असते. बहुतेक अंकांची साहित्य मागवणारी आवाहनं उन्हाळ्यापासून यायला लागतात आणि मुदती साधारण जून ते ऑगस्टमध्ये संपतात, अंकागणिक वेगळ्या, तेव्हा आवाहन नीट वाचा. पालकांसाठी याचा सरळ अर्थ असा की कथा मे महिन्यात, म्हणजे मुलं चोवीस तास घरात असताना, पूर्ण व्हायला हवी. म्हणून प्रसंग डिसेंबरपासून जमवायला घ्या (प्रश्न १३).

युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर नेहमी उमटतं त्याच मराठीत, टाईप करून पाठवा. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका, दोन्हीकडे छापून आली तर पुढे कोणी विचारत नाही. फेसबुकवर आधी टाकलेली कथा बरेच संपादक "पूर्वप्रकाशित" धरतात, त्यामुळे लाइक हवेत की अंक ते आधीच ठरवा. मानधन काही जण देतात, काही फक्त अंक पाठवतात. कॉपीराइटची चिंता करणाऱ्यांसाठी, १९५७ च्या कायद्याप्रमाणे लिहिलं की हक्क तुमचाच, नोंदणीची सक्ती नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं राहतो. म्हणजे नातवंडांनाही भांडायला पुरेल.

१९. कवितांचं पुस्तक स्वतः काढायचंय. आयएसबीएनसाठी पैसे मागतायत.

भारतात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. कोणी फॉर्म भरून द्यायचे पैसे घेत असेल तर ते फॉर्म भरण्याचे आहेत, नंबरचे नाहीत.

२०. एआयकडून लिहून घेतलं तर वेळ वाचेल ना?

शुद्धलेखन तपासायला, टायपिंगमधल्या चुका काढायला घ्या की. पण डायरी दुसऱ्याकडून लिहून घेऊन वाचलेल्या वेळात करणार काय? आणि मुलांची नावं, आजारपणं, शाळा त्याच्यात टाकू नका. अंकाला पाठवताना संपादकांनी विचारलं तर खरं सांगा.

२१. मी एकटीच मुलाला सांभाळते, शिफ्ट ड्यूटी आहे. कोणाला सांगू "वीस मिनिटं बघ"?

तुमच्यासाठी वरचे निम्मे सल्ले कुचकामी आहेत, मान्य. अदलाबदल चालते. तुमच्याच बिल्डिंगमधलं किंवा मुलाच्या वर्गातलं असं एक घर शोधा जिथे तुमच्यासारखंच कोणीतरी वेळेसाठी तडफडतंय. एका शनिवारी दोन्ही मुलं तुमच्याकडे, पुढच्या शनिवारी त्यांच्याकडे. कारण लिहिणंच सांगायला हवं असं नाही, तिला त्या वेळात झोपायचं असेल. जी घरं ऐकत नाहीत (प्रश्न ९) तिथल्या बायकाही हेच करतात, कारण मूल खेळायला गेलेलं घरात खटकत नाही.

नाइट शिफ्टवाल्यांनी घरी पोचायच्या आधी लिहावं. घराचं दार उघडलं की संपलं. रिक्षा स्टँडवर, कंपनीच्या बसमध्ये, जिना चढायच्या आधी खाली कठड्यावर, पाच मिनिटं. लिहिलेलं तिरकं-तारकं असेल, असू दे.

२२. मुलगी चौदाची आहे. माझी कथा वाचून म्हणाली "ही मीच आहे, काढून टाक." पण ती काल्पनिक आहे! आणि अंकाने स्वीकारलीय.

हा प्रश्न गेल्या वेळी अख्खी बैठक खाऊन गेला आणि एकमत झालं नाही. नाव बदललं, ठाण्याचं नाशिक केलं म्हणजे काल्पनिक झालं असं आपल्याला वाटतं, मुलीला तिचं वाक्य ओळखू येतं. नक्की काय खटकलं ते विचारा, पूर्ण कथा क्वचितच खटकते, बहुतेक वेळा एखादा प्रसंग असतो, मैत्रिणींना कळेल असा. तो बदलता येत असेल तर बदला आणि संपादकांना कळवा, पानं लागायच्या आधी ते करून देतात. तो काढल्यावर कथाच उरत नसेल तर माझं मत कथा मागे घ्यावी असं आहे, गटातल्या निम्म्या लोकांचं नाही, ते म्हणतात लेखकाने घरातल्यांना विचारत बसलं तर काहीच लिहून होणार नाही. संपादकांना लिहायचं असेल तर आजच लिहा, "कौटुंबिक कारणाने कथा मागे घेत आहे, क्षमस्व, पुढच्या वर्षी दुसरी पाठवते" एवढं पुरतं, खुलासे देत बसू नका.